वीजबुवा

मिठागरात सावली नसते. कामाला आलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळतं. बांधामागे बांध, बांधांच्या मध्ये चौकोनी वाफे, वाफ्यांत खारं पाणी आणि पाणी आटलं की मीठ. अशा जमिनीत झाड उगवायचं म्हटलं तरी कुठे उगवणार? नजर पोचेल तिथवर माणसाएवढं उंच काही नाही. मिठाच्या राशी तेवढ्या उंच, आणि राशीवर चढलेला माणूस राशीहून उंच. गेल्या वर्षी वीज पडली ती अशाच एका राशीवर, ताडपत्रीचा दोर बांधायला चढलेल्या थोरल्यावर.

थोरला मेला नाही. खरी पंचाईत तिथेच झाली असं त्याच्या बायकोला पुढे कधीकधी वाटायचं, आणि तसं मनात आलं की ती आपल्याच तोंडात मारून घ्यायची.

घरात माणसं मोजकी होती. म्हातारी सासू, तिचे दोन मुलगे, दोघांच्या बायका आणि धाकटीच्या कडेवरची मुलगी, जिला अजून दातही फुटले नव्हते. थोरला, थोरली, धाकटा, धाकटी, सगळं मिठागर त्यांना असंच हाक मारायचं. खरी नावं कुणी विचारलीच तर त्यांनाही क्षणभर आठवावी लागली असती.

त्या दिवशी थोरली खाली उभी राहून दोराचं दुसरं टोक ओढत होती. काय दिसलं असं नंतर लोकांनी तिला पुष्कळदा विचारलं, पण तिला सांगता यायचं नाही. दिसलं काहीच नव्हतं. सगळं पांढरं झालं, आणि आवाज इतका मोठा झाला की तो आवाज आहे हेही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा ती चिखलात बसली होती आणि नवरा राशीवरून घरंगळत तिच्या पायाशी येऊन पडला होता. चपला फाटून दोन दिशांना गेल्या होत्या. सदऱ्याची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती. धाकट्यानं त्याची छाती दाबून दाबून त्याला परत आणलं. पाठीवर लाल रेघा उठल्या होत्या, खोडाला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात तशा. काही दिवसांत त्या पुसल्या गेल्या, पण तोवर सगळं मिठागर येऊन ती पाठ पाहून गेलं.

मागे राहिला तो बहिरा झालेला डावा कान आणि बधिर झालेली उजव्या हाताची बोटं. चहाचा कप त्या हातात धरला की निम्मा चहा जमिनीला जायचा.

म्हातारी तेव्हा सारखी रडायची. समोर धडधाकट बसलेल्या मुलाकडे बघूनही रडायची. तिला हसवायचं म्हणून थोरला एकदा म्हणाला, "आई, उगी आता. पाहुणी आली, जेवून गेली. जेवून गेलेली पाहुणी लगेच त्याच घरी परत येते का? आता ती दुसऱ्यांकडे जाईल."

म्हातारी डोळे पुसत हसली. दारात चौकशीला आलेला मुकादमही हसला, आणि जाताना ते वाक्य बरोबर घेऊन गेला.

गमतीत बोललेलं बोलणं असं पसरलं. ज्याला वीज एकदा शिवली, त्याला ती पुन्हा शिवत नाही. हंगाम संपेपर्यंत थोरल्याचा वीजबुवा झाला होता. सुरुवातीला ती थट्टाच होती. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं, "सरका रे, बुवांना बसू द्या. नाहीतर तुमच्यावर सोडतील एखादी." थोरला लाजायचा, मान खाली घालायचा, पण बसायचा. जन्मात कुणी त्याच्यासाठी बाकावर जागा केली नव्हती. थोरलीलाही आत कुठेतरी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

या वर्षी मात्र आभाळाला खोडच लागली. हंगाम संपत आला, वाफ्यांतलं शेवटचं मीठ ओढायचं होतं, राशी उचलायच्या होत्या, आणि दुपार कलली की लांबच्या बांधापलीकडून ढग वर यायला लागायचे. आधी वारा पडायचा. मग मिठाचा पांढरा रंग काळवंडायचा. मग एकाएकी गार झोत यायचा, आणि त्यात ओल्या मातीचा वास नसून जळक्या तारेचा वास असायचा.

आणि मग विजा. म्हाताऱ्या लोकांनीही अशा विजा पाहिल्या नव्हत्या. एक संपायच्या आत दुसरी. एखादी सरळ खाली, एखादी आडवी, सगळं आभाळ उसवत जाणारी. वाफ्यांत पाणी असायचं, त्यामुळे वर चमकलेली वीज पायाखालीही चमकायची. बांधावर उभ्या माणसाला वाटायचं की आपण दोन आभाळांच्या मध्ये एका रेघेवर उभे आहोत. राशी क्षणभर निळ्या व्हायच्या, इतक्या निळ्या की एकेक खडा वेगळा दिसायचा. थोरलीची नजर हलायची नाही. नवऱ्याला जिनं अर्धा करून टाकलं तिच्याकडे आपण असं टक लावून बघतो, याची तिला चीड यायची. तरी ती बघायची. सगळेच बघायचे. वरचं इतकं मोठं असलं की माणूस दुसरं काय करणार?

पळून जायची सोय नव्हती. वस्ती लांब होती, आणि पाऊस आला तर उघड्या राशीचं पाणी होणार होतं. राशी झाकल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा तिथला नियमच होता.

पहिल्या वादळाच्या दिवशी मुकादमानं हाक मारली, "वीजबुवा, चढा वर. तुमच्याशिवाय कोण?"

बाकीचे दोर धरून खाली उभे राहिले. थोरल्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि तो वर चढला. डाव्या हातानं गाठी मारायचा, उजवा हात नुसता टेकायचा. खाली उतरला तोवर विजा माथ्यावर आल्या होत्या. तो बांधावर येऊन उकिडवा बसला, आणि एक म्हातारी मजूर बाई मुकाट्यानं येऊन त्याला खेटून बसली. मग तिची सून आली. मग दोन गडी आले, उगाच इकडेतिकडे बघत, आपण सहज आलोय असं दाखवत. वादळ जाईपर्यंत सगळी टोळी त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली होती.

संध्याकाळी थोरली घरामागे त्याची चड्डी धूत होती. पावसानं सगळेच भिजले होते, पण पावसाचा वास तिला ठाऊक होता आणि हा वास दुसरा होता. तो पाठीमागे येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "तुला कळलं ना."

"कळलं."

"आभाळ गडगडलं की आपसूक होतं. मला थांबवता येत नाही."

"लोकांना सांगा ना तसं. भीती वाटते म्हणून सांगा."

"आणि बोटं," तो आपला उजवा हात बघत म्हणाला. "एरवी सुई टोचली तरी कळत नाही. पण जवळ पडायची असली की आधी मुंग्या येतात. मागल्या वेळीही आल्या होत्या. आज दोनदा आल्या. म्हणजे ती मला शोधत होती."

"काहीतरीच बोलू नका."

"ती शोधतेय आणि ही माणसं मला खेटून बसतायत," तो म्हणाला.

दुसऱ्या वादळाला पाऊस आलाच नाही. धूळ उडाली, विजा कडाडल्या, पण थेंब नाही. बांधावर बसलेल्या थोरल्याची चड्डी हळूहळू ओली होताना थोरलीनं पाहिलं. भोवती पंधरावीस माणसं. अब्रू जायला एवढा वेळ पुरेसा असतो. ती उठली, प्यायच्या पाण्याचा माठ उचलला आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या डोक्यावर रिकामा केला.

"ऊन लागलंय त्यांना," ती म्हणाली.

ढग भरून आलेले, ऊन कसलं लागतंय? कुणीच काही विचारलं नाही. पण त्याच्या पुढच्या दिवशी आभाळ गडगडलं तेव्हा बायका आपापली भांडी भरून घेऊन आल्या आणि एकेकीनं थोरल्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, अगदी शांतपणे, वर्षानुवर्षं असंच करत आल्यासारखं. नाकातोंडात पाणी जाऊन तो खोकत राहिला. थोरली बघत राहिली. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी काहीच करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मुकादमाकडे गेली. मिठागराच्या टोकाला पंपाची खोली होती. पक्क्या विटांची, सिमेंटच्या छताची, सगळी टोळी दाटीवाटीनं मावेल एवढी. तिला कायम कुलूप असायचं.

मुकादम खुर्चीवर बसून दाढी करत होता. आरसा गुडघ्यावर टेकवलेला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "बोला वहिनी."

"दुपारपुरती पंपाची खोली उघडून द्या. राशी झाकल्या की आम्ही आत जाऊन बसू."

"आत मालकाचे नवे पाईप आहेत. मोटारीचे सुटे भाग आहेत. काही इकडचं तिकडं झालं तर कुणाला विचारायचं?"

"माणूस गेलं तर कुणाला विचारायचं?"

मुकादमानं वस्तरा खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. अडल्यानडल्याला तो मदत करायचा, गेल्या वर्षी थोरल्याला गाडीत घालून दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. "जाईल कसं?" तो समजुतीनं म्हणाला. "अहो, दुसऱ्या मिठागरावरची माणसं जीव मुठीत धरून काम करतात. आपल्याकडे वीजबुवा आहेत. तुमच्या घरात देवानं एवढं दिलंय आणि तुम्ही खोली काय मागताय?"

"ते गमतीत बोलले होते हो. आईंना हसवायला."

"तेच सांगतोय. गमतीत बोलले आणि खरं निघालं. उगीच बोलले का?" आणि त्यानं आरसा पुन्हा वर धरला.

गालावर साबण लावलेल्या माणसाशी किती भांडणार? ती परत फिरली. वाटेत तिला कितीतरी उत्तरं सुचली, आणि त्यातलं एकही मघाशी सुचलं नव्हतं याचा राग आला.

त्या दुपारी थोरल्यानं स्वतःच तोंड उघडलं. भाकरी खाऊन सगळे बसले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका जरा. मी काही बुवाबिवा नाही. मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. वादळात माझ्याजवळ बसू नका, लांब लांब बसा, खाली वाका. दवाखान्यात डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं."

 मग ती म्हातारी मजूर बाई बाजूच्या बाईला म्हणाली, "बघ, गर्व म्हणून नाही."

धाकटा हसला. भावासारखा तो कधी घाबरला नव्हता, आणि भावाच्या या नव्या मोठेपणाचा त्याला अभिमान वाटायचा, हेही खरं. संध्याकाळी हातपाय धुताना तो म्हणाला, "दादा, कशाला उगाच बोलतोस? तू बसलास की माणसांना धीर येतो. तुझं काय जातं नुसतं बसायला?"

"तुलाही खरं वाटतं का ते?"

धाकट्यानं पायाच्या भेगांतलं मीठ खरवडता खरवडता विचार केला. "मला काय माहीत? मी तुझी छाती दाबत होतो तेव्हा तू गेलाच होतास. परत आलास. काहीतरी असेलच ना."

कडेवरच्या मुलीला जोजवत धाकटी म्हणाली, "असतंच भाऊजी. माझी तर रोज दुपारी तुमच्यामुळे काळजी मिटते." ती हे इतकं मनापासून बोलली की थोरलीला तिला काही सांगवेना.

मग ती दुपार आली. एकच मोठी रास उघडी राहिली होती. ढग त्या दिवशी वर चढत आले नाहीत, आधीच तिथे असल्यासारखे अचानक होते. थोरला राशीवर चढला, गाठी मारल्या, उतरला. थोरली एका कोपऱ्याचा दोर खुंटीला गुंडाळत मागे राहिली. बांधावर कोंडाळं जमलं, पाणी ओतून झालं. आभाळ इतक्या भराभर उजळत होतं की माणसं तुटक तुटक हलताना दिसत होती.

थोरल्यानं आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरलेला तिनं पाहिला. तो त्या बोटांकडे बघत होता. मग तो एकदम उभा राहिला.

"उठा. लांब व्हा. माझ्यापासून लांब व्हा."

कुणी हललं नाही. एका बाईनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. त्यानं ते हिसकलं, दोघांना ओलांडलं आणि बांधावरून पळत सुटला. मागे कोंडाळं उठलं आणि त्याच्यामागे पळायला लागलं. आडोसाच पळून चालल्यावर माणसं दुसरं काय करणार? थोरल्यानं वळून पाहिलं, दोन्ही हात हलवले, ओरडला, आणि बांध सोडून सरळ वाफ्यात उतरला. घोटाभर खाऱ्या पाण्यातून, पडत, उठत, तो मोकळ्याकडे निघाला, जिथे चहूबाजूंनी कुणीच नव्हतं.

थोरलीला तेव्हाच कळलं. तो जीव वाचवायला पळत नव्हता. आपल्यावर पडायची ती एकट्यावर पडावी म्हणून तो जागा शोधत होता.

बाकीची माणसं पाण्याच्या कडेला थबकली. धाकटा थबकला नाही. "दादा, थांब," म्हणत तो वाफ्यात शिरला. त्याचे पाय चांगले होते, तो झपाट्यानं अंतर कापत गेला. थोरली दोर टाकून धावली. "भाऊजी, मागे फिरा. जाऊ नका त्यांच्याजवळ." तिचे शब्द तिला स्वतःलाही ऐकू आले नाहीत. धाकट्यानं हात पुढे केला. थोरल्याचा खांदा आता हातात येणार एवढ्यात वरचं आभाळ आणि खालचं आभाळ एक झालं.

डोळ्यांपुढचा पांढरा रंग ओसरला तेव्हा दोघेही पाण्यात आडवे होते. त्यातला एक उठला.

थोरला गुडघ्यांवर बसला. त्यानं भावाला उताणं केलं आणि त्याची छाती दाबायला लागला, गेल्या वर्षी भावानं दाबली होती तशी. पण उजव्या हातात जोरच नव्हता. हात घसरायचा, तो पुन्हा ठेवायचा, पुन्हा घसरायचा. थोरली पोचली, त्याला ढकलून तिनं दाबलं. गडी आले, त्यांनी दाबलं. पाऊस सुरू झाला. धाकट्याच्या उघड्या डोळ्यांत थेंब पडत होते आणि तो पापणी लववत नव्हता. थोरला बाजूला बसून आपला उजवा हात डाव्या हातानं मारत होता.

पुढच्या दिवसांत घरात येऊन बसलेली माणसं हळू आवाजात बोलायची. थोरलीला वाटलं होतं की आता तरी यांचे डोळे उघडतील. एवढी किंमत मोजल्यावर तरी. पण लोकांनी सगळं आपापसात जुळवून घेतलं होतं.

"हातभर राहिलं बघा," मुकादम म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते, तो खरोखर रडला होता. "मी पाहिलं ना. हात लागला नव्हता. एवढं अंतर राहिलं. लागला असता तर वाचला असता बिचारा."

"बुवांना काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा वाचले."

म्हातारी कोपऱ्यातून थोरल्या मुलाकडे बघायची, आणि आता तिच्या बघण्यात भीती होती. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. बोललेलं त्याच्या उजव्या कानाला ऐकू जात असणार.

धाकटी कुणासमोर रडली नाही. एकदा चुलीपाशी दोघी जावाच होत्या, तेव्हा तिनं विचारलं, "ताई, भाऊजी का पळाले?"

थोरलीनं हातातलं काम खाली ठेवलं. "तुमच्यावर पडू नये म्हणून. आपल्यावर पडणार असं त्यांना वाटलं. म्हणून ते लांब गेले."

"पण त्यांच्यावर पडत नाही ना."

"पडते गं. त्यांच्यावरही पडते."

"मग पडली का?"

थोरलीनं चुलीत एक काटकी सरकवली.  धाकटी म्हणाली, "बसून राहिले असते तर हे त्यांच्या शेजारीच होते. मांडीला मांडी लावून बसले होते. मी बघितलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरलीला भांडता आलं असतं.

काम काही कुणाच्या मरणानं थांबत नाही. राशी उचलायच्याच होत्या, आणि पुढच्या हंगामाला बोलावणं हवं असेल तर घरातल्या माणसांना जावंच लागणार होतं. पहिल्या दिवशी मुकादम स्वतः थोरलीकडे आला आणि त्यानं पंपाच्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "मालकांशी भांडून आणली," तो म्हणाला. "तुम्ही मागत होता ना." तिनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली. ती इतकी हलकी होती.

दुपारी वारा पडला. मीठ काळवंडलं. मुकादम कुणाला वर चढ म्हणायच्या आत दोन गडी आपणहून राशीवर चढले, एवढा फरक पडला होता. थोरली तडक पंपाच्या खोलीकडे गेली. कुलूप गंजलेलं होतं, दोन्ही हातांनी किल्ली फिरवावी लागली. दार उघडलं, त्याला वीट लावली. आत कोरडं होतं, तेलाचा वास होता, पाईप एका भिंतीला नीट रचलेले होते. ती दारात उभी राहून ओरडली, "या इकडे. खोली उघडी आहे. सगळे या."

माणसांनी तिच्याकडे पाहिलं. नीट ऐकूही गेलं होतं, कारण दोघातिघांनी माना हलवल्या, जेवायला बोलावल्यावर आत्ताच झालं म्हणून सांगावं तशा. मग त्यांनी बांधाकडे पाहिलं. तिथे थोरला उभा होता, एकटा, पळायला जागा शोधत असल्यासारखा इकडेतिकडे बघत.

तेवढ्यात धाकटी त्याच्यापर्यंत पोचली. तिनं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. कडेवरची मुलगी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता पळू नका."

मग तीही त्याला खेटून बसली. म्हातारी मजूर बाई आली, तिची सून आली, गडी राशीवरून उतरून आले. कोंडाळं पूर्वीपेक्षा घट्ट बसलं. हातभरसुद्धा अंतर राहू नये म्हणून मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. बायकांनी आणलेलं पाणी ओतलं, मुलीच्या अंगावर पडू नये म्हणून बेतानं, मागच्या बाजूनं.

थोरली दारात उभी होती. तिला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते कळत नव्हतं. वर एक लांबलचक वीज आडवी गेली, फांद्या फोडत, आणि सगळ्या वाफ्यांतून तशीच एक खालून गेली. बांधावरची माणसं क्षणभर निळी झाली. त्या उजेडात तिला नवऱ्याचं तोंड दिसलं. तो मुलीच्या डोक्यावर वाकला होता, आपल्या अंगाचं छप्पर करायला बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

किल्ली कुलपातच राहिली. ती बांधावरून चालत गेली. माणसांनी तिला वाट दिली. जवळ जाऊन तिनं मुलीला उचलायला हात घातला, तर धाकटीनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे ताई. तिथेच बरी आहे ती."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. मुलीनं आपल्या मुठीत त्याचं एक बोट धरलं होतं. त्यानं मान वर केली, मुलीच्या मुठीसकट तो उजवा हात थोडासा उचलला आणि तिला दाखवला. बोटांना मुंग्या आल्या होत्या.

मागे वीट सरकून पंपाच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं. थोरलीनं पदर सोडून मुलीच्या डोक्यावर घेतला आणि ती त्याच्या शेजारी बसली.